मांजरीच्या पेशीतील ठिपका ते ‘एक्झिस्ट’ : एका मुक्या गुणसूत्राचा इतिहास

१९४९. स्थळ लंडन, पण इंग्लंडमधले नव्हे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातले. मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवर्ट बर्ट्राम हे मांजरांच्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होते. शोध घ्यायचा होता तो थकव्याने पेशींत होणाऱ्या बदलांचा. हाती लागले ते भलतेच. मादीच्या पेशीकेंद्रकात एक गडद ठिपका दिसे. नराच्या पेशीत तो नसे.

दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, सुसुमु ओहनो यांनी दाखवले की हा ठिपका म्हणजे घट्ट आवळून बसलेले एक एक्स गुणसूत्र होय. (ओहनोंचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येईल.)

या ठिपक्याला अर्थ दिला मेरी लायन यांनी. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात त्या शिकल्या, त्या काळात ते विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण पदवी देत नसे, केवळ नावापुरती देई. पुढे हारवेल येथे उंदरांवर काम करताना काही माद्यांच्या अंगावरील ठिपकेदार केसांचे कोडे त्यांना पडले. एप्रिल १९६१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या छोट्याशा टिपणात त्यांनी मांडले : मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक भ्रूणावस्थेतच मुके होते. कोणते, हे दैवावर. पण एकदा ठरले की त्या पेशीच्या साऱ्या वंशजांत तेच मुके राहते. काळे-नारिंगी चट्टे असलेल्या मांजरी जवळजवळ नेहमी मादीच का असतात, याचे उत्तर यात आहे. हे सर्वांना पटले नाही. हान्स ग्रुनबर्ग यांच्यासारखा मातब्बर आनुवंशिकीतज्ज्ञ पुढे अनेक वर्षे लायन यांच्याशी वाद घालत राहिला.

एक योगायोग पाहा. त्याच नियतकालिकात, अवघ्या काही आठवड्यांनी, ‘संदेशवाहक आरएनए’चा शोध प्रसिद्ध झाला. डीएनएकडून आरएनएकडे, आरएनएकडून प्रथिनाकडे, हे सूत्र त्या वर्षी पक्के झाले. रायबोसोमचा आरएनए आणि प्रथिनासाठी अमिनो आम्ले वाहून आणणारा आरएनए हे अपवाद ठाऊक होते. पण जनुकांवर हुकूम चालवणे हे प्रथिनांचेच काम, अशी समजूत दृढ होत गेली. १९७२ मध्ये ओहनो यांनीच प्रथिन न घडवणाऱ्या बहुतांश डीएनएला ‘जंक’, म्हणजे अडगळ, म्हटले. माझ्या मते हा शब्द ओहनोंच्या मूळ युक्तिवादापेक्षा फार अधिक पसरला, आणि त्यामुळेच त्याने अधिक नुकसान केले.

लायन यांच्या सिद्धान्तात एक पेच दडलेला होता. एकाच केंद्रकात दोन एक्स. एक झोपते, दुसरे जागे राहते. प्रथिन तयार होते केंद्रकाबाहेर आणि मग आत परतते. त्याने या जुळ्यांतील नेमके एक कसे ओळखावे? आरएनए मात्र जिथे जन्मतो तिथेच, त्याच गुणसूत्राला बिलगून राहू शकतो.

१९९१ मध्ये हंटिंग्टन विलार्ड यांच्या प्रयोगशाळेत कॅरोलिन ब्राऊन यांना माणसाच्या एक्सवर असे जनुक सापडले, जे केवळ मुक्या गुणसूत्रावरूनच बोलते. नाव पडले ‘एक्झिस्ट’. पुढच्या वर्षी त्याचा पूर्ण क्रम वाचला गेला : सुमारे १७,००० अक्षरे, आणि त्यांत प्रथिनाची कृती कुठेच नाही!

पण पुरावा हवा होता, आणि घटना तर गर्भात, नजरेआड घडते. येथे भ्रूण मूलपेशी कामी आल्या. १९८१ मध्ये मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी केंब्रिजमध्ये, तर गेल मार्टिन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत, उंदराच्या भ्रूणातून त्या वेगळ्या केल्या होत्या. मादी भ्रूणाच्या अशा पेशींत दोन्ही एक्स जागे असतात. पेशी विशिष्ट रूप घेऊ लागल्या की एक झोपते. म्हणजे तो क्षण बशीत पाहता येतो. १९९६ मध्ये याच पेशींत एका एक्सवरील ‘एक्झिस्ट’ मोडण्यात आले. ते गुणसूत्र कधीच मुके झाले नाही.

२००० मधला अँटोन वुट्झ आणि रुडॉल्फ येनिश यांचा प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. औषध घातले की ‘एक्झिस्ट’ चालू, काढले की बंद, अशी कळ त्यांनी मूलपेशींत बसवली. पेशींचे रूपांतर सुरू झाल्यापासून सुमारे तीन दिवसांच्या आत आरएनए थांबवला, तर जनुके पुन्हा बोलू लागत. त्यानंतर आरएनए असो वा नसो, मौन कायम.

दरम्यान १९९९ मध्ये जीनी ली यांनी त्याच जागी उलट दिशेने वाचला जाणारा, ‘एक्झिस्ट’ला आवर घालणारा आरएनए शोधला होता. त्याचे नावही रोमन अक्षरे उलटी मांडून ठेवले : ‘टीसिक्स’. २०११ मध्ये मिचेल गटमन व सहकाऱ्यांनी उंदराच्या मूलपेशींतील असे अनेक लांब आरएनए एकेक करून दाबून पाहिले. त्यांतील डझनावारी आरएनए पेशीला मूलपेशी म्हणून टिकवण्यात सहभागी निघाले. २०१५ मध्ये अनेक प्रयोगशाळा स्वतंत्रपणे ‘स्पेन’ नावाच्या प्रथिनापाशी पोहोचल्या : ‘एक्झिस्ट’ त्याला गुणसूत्रावर आणून बसवतो, आणि मौनाचे काम तेथून सुरू होते. म्हणजे प्रथिने बाद झाली नाहीत. त्यांना पत्ता सांगणारा आरएनए निघाला.

मात्र उंदरावरून माणसाकडे सरळ उडी मारू नये. मानवी भ्रूणाच्या आरंभीच्या दिवसांत ‘एक्झिस्ट’ दोन्ही एक्सवरून बोलत असतो, आणि तरीही दोन्ही एक्स जागीच असतात, असे एडिथ हर्ड यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले.