दुसऱ्याची चाल, आपलं गाणं

बँडवाल्या पोरांनी स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून हमखास आवाज येतो, 'अरे, ते ओळखीचं वाजवा ना!' हॉटेलवालेही आधीच बजावतात, ओरिजिनल नको, गिऱ्हाईक उठून जातं. म्हणून आज थोडा इतिहास.

मंडई परिसरात वाढलेल्याला उसनी चाल नवी नाही. आपली मंडई १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. पुढे १८९३ पासून सार्वजनिक गणपती सुरू झाले आणि पेठापेठांतून मेळे फिरू लागले. पदं ताजी, कधी देवाची, कधी स्वदेशीची. चाली मात्र बऱ्याचदा नाटकातल्या नाहीतर लावणीच्या. चाल ओळखीची म्हणून माणूस थांबायचा आणि थांबला की शब्द कानात जायचे. इतके जायचे, की ही पदं इंग्रज सरकारला खुपू लागली आणि मेळ्यांवर बंधनं आली. अण्णासाहेब किर्लोस्करांनीही 'सौभद्र'मध्ये प्रचलित चाली बिनदिक्कत घेतल्या होत्या. तेव्हा उसनवारीत कमीपणा नाहीच. प्रश्न पुढचा आहे.

तो पुढचा प्रश्न मुंबईच्या एका बँडला पडला. रॉक मशीन, सुरुवात १९८४. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातली गाजलेली नावं. सुरुवातीला वाजवायचे ते परदेशी हार्ड रॉकच. त्या काळी ते वाजवणंही सोपं नव्हतं, बरं का. इंटरनेट नाही, नोटेशन मिळायची मारामार. कॅसेट मागे-पुढे करत एकेक सूर कानाने पकडायचा. परदेशी गिटार महाग, चांगल्या तारा कोणी बाहेरून आणून देईल तेव्हा. माझ्या मते ही शाळाच होती. हुबेहूब वाजवताना गाणं कसं बांधतात ते कळतं. आपल्याकडे गवई गुरूची चीज वर्षानुवर्षं घोटतो, तसंच.

पण हे लोक घोटण्यावर थांबले नाहीत. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला, १९९० मध्ये दुसरा. इथल्या बँडने स्वतःची इंग्रजी गाणी लिहून अख्खा अल्बम काढणं तेव्हा विरळाच. प्रेक्षकांना तर परदेशी बँडचीच गाणी हवी असायची. हे आपलं वाजवत राहिले. १९९३ मध्ये नावही बदललं: इंडस क्रीड. मशीन गेलं, सिंधू आली! १९९५ चा अल्बम याच नावाने आला. सगळं गोड झालं असं मात्र नाही. १९९७ च्या सुमारास बँड फुटला, बेनेगल न्यूयॉर्कला गेले. २०१० मध्ये पुन्हा जमले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला, तोही स्वतःच्याच गाण्यांचा.

त्याच २०१० मध्ये आपल्या कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर सुरू झाला. स्वतःची गाणी वाजवणारे बँड ऐकायला लोक तिकीट काढून गेले. म्हणजे ऐकणारे पुण्यात आहेत. पण पेठेतल्या पोराला तिथवर पोचण्याआधी चुका करायला एखादं स्टेज लागतं, आणि ते गणपतीत आपल्या दारात उभं असतं. त्यावर आपण काय वाजवतो, ते सगळ्यांना ऐकू येतंच.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती: यंदा एका संध्याकाळी एक तास द्या. निम्मी गाणी ओळखीची, निम्मी पोरांची स्वतःची. आवाजाची मर्यादा पाळून, दहाच्या आत. मानधन थोडं द्या, पण द्या. ज्यांची तयारी असेल त्यांनी मला फोन करा, पोरं गोळा करायचं काम माझ्याकडे.