जान किंवा जमीन: मुळशी सत्याग्रहाची कहाणी

१/
१६ एप्रिल १९२१. रामनवमीचा दिवस. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीतील मुळशी पेट्यात सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. समोर दोन सत्ता होत्या: मुंबई इलाख्याचे ब्रिटिश सरकार आणि देशातील सर्वांत मोठे स्वदेशी उद्योगघराणे.

२/
सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून झाली. या गिरण्या कोळशावर चालत, आणि कोळसा दुरून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते कोकणात सोडले, तर त्या उतारावर वीज निर्माण करता येते, हे टाटांनी हेरले. त्यांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले होते.

३/
पुढची योजना मुळशीची. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवायचे आणि घाटाखाली भिरा येथे वीज करायची, असा बेत होता. अभियांत्रिकीच्या दृष्टीने योजना उत्तम होती.

४/
परंतु त्या खोऱ्यात माणसे राहत होती. सुमारे ५० गावे, अंदाजे अकरा हजार लोक. डोंगरउतारावर नाचणी-वरई, आणि नदीकाठच्या खोलगट खाचरांत भात. आंबेमोहोरासाठी हा मुलूख प्रसिद्ध होता. पाण्याखाली जाणार होती ती नेमकी हीच भातखाचरे.

५/
त्यांना कोणी विचारलेही नाही. जमीन ताब्यात येण्यापूर्वीच चाचणीचे चर खणले जाऊ लागले. आपल्या शेतातील खोदकामास हरकत घेणाऱ्या एका शेतकऱ्यावर इंग्रज अभियंत्याने पिस्तूल रोखल्याची नोंद इतिहासकारांनी केली आहे. गोष्ट पुण्यापर्यंत पोहोचली आणि पेटा जागा झाला.

६/
येथे एक कायदा समजून घेणे आवश्यक आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला सार्वजनिक हेतूसाठी सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार दिला होता. त्याच कायद्याचा सातवा भाग हा अधिकार खाजगी कंपन्यांसाठीही वापरू देत असे. नफा कंपनीचा, सक्ती सरकारची; मुळशीत दोन्ही एकत्र आल्या.

७/
टिळकांचे निधन होऊन वर्षही झाले नव्हते. केसरीच्या पुण्यातील न. चिं. केळकरांसारखे नेते लढ्यामागे उभे राहिले. विनायकराव भुस्कुटे पेट्यात फिरून लोकांना संघटित करत होते. गावोगावी एकच घोषणा घुमू लागली: ‘जान किंवा जमीन’.

८/
पांडुरंग महादेव बापट या लढ्याचा चेहरा ठरले. पारनेरचा हा तरुण शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेला आणि बॉम्ब बनवण्याची विद्या घेऊन परतला होता. मुळशीत मात्र तो मावळ्यांसोबत निःशस्त्र बसला. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली.

९/
पहिली फेरी मावळ्यांनी जिंकली. महिनाभर बायाबापड्यांसह लोक कामाच्या जागी ठाण मांडून राहिले आणि काम थांबले. कंपनीने सहा महिन्यांसाठी बांधकाम स्थगित केले. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’तून टाटांना सुनावले: एका जरी गरिबाच्या मर्जीविरुद्ध होत असेल, तर अशा योजनेच्या लाभाचे मोल काय?

१०/
डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. सत्याग्रहींनीही पुन्हा ठाण मांडले, पण या वेळी सरकारने अटकसत्र आरंभले. मावळे, पुण्या-मुंबईहून आलेले स्वयंसेवक, स्त्रिया, पुढारी असे शेकडो लोक तुरुंगात गेले. तरीही लढा मोडला तो केवळ तुरुंगामुळे नव्हे.

११/
पेट्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. मावळे त्या कूळ म्हणून कसत. कायद्याने मोबदला प्रामुख्याने मालकाला मिळणार होता. त्यामुळे सावकारांच्या दृष्टीने प्रश्न रकमेचा झाला. दर चांगला मिळाल्यास त्यांची धरणाला हरकत नव्हती. कुळाला मात्र जमीन गेली की सारेच गेले.

१२/
राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याच्या अभ्यासात हीच फूट उलगडून दाखवली. सावकारांचा वर्ग मोबदल्याच्या वाटाघाटींकडे वळला, तसा शहरातील पाठिंबाही ओसरत गेला. ‘जान किंवा जमीन’ म्हणणारे एकाकी पडले.

१३/
बापटांना माघार मान्य नव्हती. १९२४ च्या अखेरीस मोजक्या साथीदारांसह, या वेळी शस्त्रे घेऊन, त्यांनी रुळांवर दगड रचले आणि धरणावरील कामगारांची गाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ मध्ये सुटले, तोवर खोरे पाण्याखाली गेले होते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्येच सुरू झाले होते.

१४/
व्होरांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात मुळशीला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. अमेरिकेत हेच हेची दरीतील धरणाला त्याआधी विरोध झाला होता. पण तो निसर्गसौंदर्य वाचवण्यासाठी होता. आपले घर आणि शेत बुडणार म्हणून शेतकऱ्यांनीच धरणासमोर बसणे, हे मुळशीचे वेगळेपण.

१५/
मुळशीतील कुळाचे नाव मोबदल्याच्या हिशेबात मालकाच्या मागे दडले. स्वातंत्र्यानंतरही १८९४ चा कायदा देशात लागू राहिला. कोयना, नर्मदा अशा कित्येक खोऱ्यांतील माणसे त्याच्याच आधारे उठवली गेली. तो रद्द होऊन नवा कायदा आला २०१३ मध्ये. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के लोकांची संमती त्यात आवश्यक ठरवली गेली, आणि जमिनीवर पोट असणाऱ्या कुळांचीही बाधितांत गणना झाली.

१६/
रामनवमीच्या त्या दिवशी मावळे जे मागत होते, ते कायद्याच्या पुस्तकात उतरायला ९२ वर्षे लागली.