कोळंबी, हिलसा आणि नकाशावरून गेलेले नाव

कोलकात्यात एक जुना रिवाज आहे. मोहन बागान जिंकले की त्या घरांत कोळंबी शिजते, ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा. फुटबॉलच्या सामन्याचा निकाल असा चुलीपर्यंत पोचतो, तेव्हा त्यामागे खेळापलीकडचे काहीतरी असणार हे उघड आहे. श्रोतेहो, या दोन क्लबांच्या शंभर वर्षांच्या चुरशीत बंगालच्या फाळणीची कहाणी गुंतलेली आहे. आज ती थोडक्यात पाहू.

मोहन बागान हा थोरला. स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची, उत्तर कोलकात्यातली. २९ जुलै १९११ रोजी या क्लबाने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवले. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले. कर्झनने केलेल्या बंगालच्या फाळणीचा संताप अजून ताजा होता. त्यामुळे या विजयाकडे लोकांनी खेळातला विजय म्हणून पाहिलेच नाही. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, एवढे त्यांना कळले. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या संघातील अनेकांची मुळे पूर्व बंगालात होती. त्या दिवशी मोहन बागान साऱ्या बंगालचा होता.

मग दुसरा क्लब निघाला कशासाठी? कारण साधेच होते. जुलै १९२० मध्ये कूचबिहार कपात मोहन बागानविरुद्ध जोडाबागान असा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला संघातून वगळले. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याच्यासाठी रदबदली केली, पण कोणी ऐकले नाही. शैलेश पूर्व बंगालचा म्हणून त्याला डावलले, अशी त्यांची भावना झाली. ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी काही मित्रांसह त्यांनी ईस्ट बंगाल क्लब स्थापन केला. २८ मे १९२५ रोजी कोलकाता लीगमध्ये दोघांची प्रथमच गाठ पडली. ईस्ट बंगालने तो सामना १-० असा जिंकला.

कोलकात्याकडच्या मूळच्या माणसाला तिथे ‘घोटी’ म्हणतात, पूर्वेकडून आलेल्याला ‘बांगाल’. आपल्याकडे घाटावरची आणि कोकणातली माणसे एकमेकांच्या बोलण्याची, जेवणाची थट्टा करतात, तसाच तो प्रकार. १९४७ पर्यंत ती बरीचशी थट्टाच होती.

फाळणीने तिचा रंग पालटला. पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला आणि लक्षावधी माणसे घरदार सोडून कोलकात्याकडे लोटली. सियालदा स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे मुक्काम ठोकून राहिली. पुढे शहराच्या दक्षिणेला जादवपूरच्या आसपास निर्वासितांच्या वसाहती उठल्या. शेत गेले, तळे गेले, ओळखीपाळखीचे गाव गेले. या माणसांना परक्या शहरात आपल्या मुलखाचे नाव अभिमानाने घेता येईल अशी एक जागा सापडली, ती म्हणजे फुटबॉलचे मैदान. १९५५ मध्ये पाकिस्तानने पूर्व बंगालचे नाव बदलून पूर्व पाकिस्तान केले. १९७१ मध्ये तिथे बांगलादेश झाला. नकाशावरून ‘पूर्व बंगाल’ हे नाव गेले, ते एका क्लबाच्या नावात मात्र टिकून राहिले.

पण खेळाने या वाटण्या कधी नीटशा मानल्या नाहीत. निर्वासितांना ज्यांनी मान वर करून चालायला शिकवले, ते ईस्ट बंगालचे ‘पंचपांडव’ म्हणजे वेंकटेश, अप्पा राव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही जण दक्षिण भारतातले! १९४९, ५० आणि ५१ अशी सलग तीन वर्षे क्लबाने शील्ड जिंकले, आणि १९४९ मध्येच मुंबईचा रोव्हर्स कपही नेला. उलट, मोहन बागानचे लाडके चुनी गोस्वामी जन्मले पूर्व बंगालातल्या किशोरगंजला, आणि मोठे झाल्यावर अखेरपर्यंत खेळले मोहन बागानकडूनच.

निष्ठा एवढी खोल गेली की तिची किंमतही मोजावी लागते. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे लोळवले. तो पराभव सहन न होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डन्सवर याहून भीषण घडले. मैदानावर खेळाडूंची झटापट झाली, तिचे पडसाद प्रेक्षकांत उमटले आणि मारामारीत व चेंगराचेंगरीत १६ जण प्राणाला मुकले. सामना पाहायला म्हणून घराबाहेर पडलेली ती माणसे होती. त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात १६ ऑगस्टला रक्तदान केले जाते. त्या रक्ताच्या पिशवीवर कोणत्या क्लबाचे नाव लिहिणार?

चुरस मात्र ओसरली नाही. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाच्या हॅटट्रिकच्या जोरावर ईस्ट बंगालने तो ४-१ असा जिंकला. २०२० मध्ये दोन्ही क्लब इंडियन सुपर लीगमध्ये आले. करोनाच्या दिवसांत त्यांचा त्या स्पर्धेतला पहिला सामना कोलकात्यापासून दूर, गोव्यात वास्कोच्या टिळक मैदानावर झाला, तोही रिकाम्या खुर्च्यांसमोर. मोहन बागानने तो २-० असा जिंकला.

आता शेवटची गोष्ट. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. शहर पेटून उठले. १८ ऑगस्टला ड्युरँड कपात या दोन क्लबांचा सामना ठरला होता. सुरक्षेचे कारण देऊन तो रद्द करण्यात आला. तरीही चाहते आले. हिरव्या-तांबड्या आणि लाल-पिवळ्या जर्सीतले लोक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले, मोहमेडन स्पोर्टिंगचेही त्यांत मिसळले. पोलिसांच्या लाठ्या त्यांनी बरोबरीने खाल्ल्या. मोहन बागानच्या एका चाहत्याने ईस्ट बंगालच्या चाहत्याला खांद्यावर घेतलेले छायाचित्र देशभर पाहिले गेले.

फाळणीने दिलेले दुःख या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मैदानावर आणून हलके केले. कधी ते अंगावरही उलटले. पण ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो त्याच्याइतका आपल्याला ओळखणारा दुसरा कोणी नसतो, हेही त्यांना याच मैदानाने शिकवले. सामने पुढेही होत राहतील, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी घरी कोळंबी शिजेल, कोणाच्या तरी घरी हिलसा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)