संवादेच्छा
संधी मिळताच परभाषेत बोलण्याची मनाची तयारी म्हणजे संवादेच्छा. भाषा येणे निराळे, ती बोलण्यास धजावणे निराळे. मॅक्रॉस्की व बेअर यांनी १९८५ मध्ये मातृभाषेसंदर्भात मांडलेल्या या संकल्पनेला मॅकिन्टायर, क्लेमां, डोर्न्ये व नोएल्स यांनी १९९८ मध्ये परभाषेसाठी सहा थरांच्या पिरॅमिडचे रूप दिले. व्याकरण चुकण्यापेक्षा चारचौघांत हसे होण्याची धास्तीच अनेकांची जीभ जखडते. ऑनलाइन वर्गात लिहिलेले पाठविण्यापूर्वी खोडता येते, म्हणून काही बुजरे विद्यार्थी तेथे मोकळे होतात. कॅमेरा सुरू होताच मात्र स्वतःचाच चेहरा समोर येतो आणि संकोच परततो. तोंडी परीक्षेत हे मौन अज्ञान समजून गुण कापले जातात. भित्रा आणि अनभ्यस्त एकाच मापाने मोजले जातात.