परवचा, हरिपाठ आणि चंचल मूल

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि शके 1192, म्हणजे इसवी सन 1270, हे त्यांचे जन्मवर्षही परंपराच सांगते. नामदेवांच्या बालपणाची एक कथा घरोघरी प्रसिद्ध आहे: वडील दामाशेटी परगावी गेले असता आई गोणाईने बालकाच्या हाती विठ्ठलाच्या नैवेद्याचे ताट दिले, आणि देवाने जेवावे म्हणून ते बालक हट्ट धरून बसले. कथेचा भक्तिपर अर्थ सर्वश्रुत आहे. परंतु शिंप्याच्या त्या घरात नित्य ठरल्या वेळी, ठरल्या स्थळी करावयाचे काम लहानग्या मुलाकडे विश्वासाने सोपविले गेले, ही गोष्ट संगोपनाच्या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे.

हिंगोलीचा हा मुलूख 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. तहसिलीच्या हुकमांचा व्यवहार उर्दूत चाले. पण घरातील मुलांचा दिवस मराठीतच उजाडे व मावळे. घड्याळ क्वचित एखाद्या वाड्यात असावयाचे, तरी दिवसाचे भाग सर्वांना स्पष्ट कळत, कारण त्यांची खूण डोळ्यांना दिसे किंवा कानांवर पडे: कार्तिकातील पहाटेचा काकडा, गुरे रानात सोडण्याची वेळ, दुपारचा नैवेद्य, आणि दिवेलागण. देवापुढे दिवा लागला की हातपाय धुऊन मुलांनी शुभंकरोती म्हणावी, मग वार, तिथी, महिने, नक्षत्रे आणि पाढ्यांपासून पावकी-निमकी-पाऊणकीपर्यंतचा परवचा मोठ्याने म्हणावा, हा अनेक घरांचा रिवाज होता. मंदिरातील हरिपाठात टाळ वाजवीत, पावली टाकीत अभंग म्हटले जात. तेथे स्थिर न बसणाऱ्या मुलालाही स्थान होते, कारण शरीराची हालचाल हाच त्या पाठाचा ताल होता.

पंतोजींच्या शाळेतही अशी काही योजना होती. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवावे, मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे, सर्वांनी मिळून घोकावे. अशाच देशी शाळेतील वाळूवरचे लेखन पाहून मद्रासच्या अँड्र्यू बेल यांनी आपल्या शाळेत ती पद्धत स्वीकारली आणि 1797 मध्ये इंग्लंडात तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. परंतु त्याच पंतोजींच्या हाती छडीही होती. ज्याचे चित्त एका जागी ठरत नसे, त्याला ओणवे उभे केले जाई आणि उनाड, व्रात्य अशा विशेषणांनी तो आयुष्यभर ओळखला जाई. त्या मुलाने सोसलेला अन्याय जुन्या काळाच्या गौरवात झाकला जाता कामा नये.

दोषारोपाची ही वृत्ती केवळ आपल्याकडेच नव्हती. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये अशा मुलांचे वर्णन वैद्यकापुढे मांडले, तेव्हा त्यांची बुद्धी सामान्य असू शकते हे त्यांनी ओळखले, तरी त्या अवस्थेला नैतिक संयमाची उणीव असेच म्हटले. 1968 मध्ये अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात बालकांची अतिचंचलता नोंदली गेली, 1980 मध्ये अवधानाच्या न्यूनतेवर भर आला, आणि 1987 मध्ये आज रूढ असलेले एडीएचडी (अवधान-न्यूनता व अतिचंचलता) हे नाव मिळाले. ही अवस्था मेंदूच्या विकासाशी निगडित आहे, तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि ती मुलाच्या हट्टीपणामुळे किंवा आईच्या हयगयीमुळे उद्भवत नाही, हे आता निश्चित झाले आहे.

अशा मुलाला काळाचे भान आतून सहजी येत नाही. म्हणून ते बाहेरून, दिसेल व ऐकू येईल अशा रूपाने द्यावे लागते. उठणे, आंघोळ, न्याहारी, दप्तर भरणे यांची क्रमवार चित्रे भिंतीवर त्याच्या नजरेच्या उंचीवर लावावीत. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती दुसऱ्या खोलीतून ओरडून न देता जवळ जाऊन द्यावी. दामाशेटींच्या व्यवसायात माप घेणे, बेतणे, कापणे, शिवणे अशा पायऱ्यांनी अंगरखा पुरा होतो. तसाच अभ्यासही लहान तुकड्यांत विभागावा, मध्ये हालचालीस मोकळीक द्यावी आणि प्रत्येक तुकडा पुरा होताच कौतुक करावे. कौतुक आठवड्याच्या अखेरीसाठी राखून ठेवले, तर ते या मुलापर्यंत पोहोचत नाही. रात्रीची झोप ठरल्या वेळीच व्हावी, आणि झोपण्यापूर्वी पडद्यावरील चित्रे बंद असावीत. दिनक्रम हा उपचारांना पूरक आहे. निदानासाठी तज्ज्ञांकडे जावेच, आणि त्यांनी औषध सुचविले तर ते घेण्यात कमीपणा मानू नये.

जुन्या परवच्याचे खरे सामर्थ्य आणखी एका गोष्टीत होते. दिवा लागला की आजी जपमाळ घेऊन बसे, वडील रानातून परतत, शेजारच्या घरातूनही पाढ्यांचे स्वर येत. मुलाला एकट्याला शिस्तीत बसवून वडीलधारी आपल्या मनासारखी वागत नसत. तो दिनक्रम साऱ्या घराचा होता, म्हणूनच तो टिकला. आज चित्रांचा तक्ता मुलासाठी लावून स्वतःच्या जेवणाझोपेला वेळ न ठेवणाऱ्या घरात तो तक्ता फार दिवस चालत नाही. छडी पंतोजींबरोबर इतिहासजमा होऊ द्यावी. ठरल्या वेळी मुलाच्या शेजारी येऊन बसण्याची वहिवाट मात्र आईवडिलांनी पुन्हा सुरू करावी, आणि पहिले काही महिने ती मोडली तरी न रागावता दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळावी.