वांगं चौथ्या अधिकरणात

गेल्या पौषात वाशीमजवळच्या एका मित्राच्या शेतात हुरडा खायला गेलो होतो. आमच्याकडे सोयाबीन आल्यापासून ज्वारी मागे पडली. आता पुष्कळ शेतकरी घरच्या हुरड्यापुरती चार तासं ज्वारी मुद्दाम पेरतात, तसंच हे शेत. आम्ही सातआठ जण निंबाखाली सतरंजीवर बसलो होतो. पलीकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी.

बोलणं अर्थातच खाण्याचं होतं. नागपूरचं सावजी आता पूर्वीसारखं राहिलं नाही, यावर एक गट. शेगावची कचोरी गरमच खावी की गारही चालते, यावर दुसरा. मित्राचा पुण्याहून आलेला पुतण्या कॉकटेल करत होता. रममध्ये मोसंबीचा रस, गुळाचा पाक आणि वरून भरडलेली मिरी. ‘हे माझं स्वतःचं आहे, कुठे मिळणार नाही,’ असं तो प्रत्येक पेल्याबरोबर सांगत होता. पेला चांगला होता. मी मात्र त्या गूळ-मिऱ्यापाशी अडकलो, कारण ही जोडी मी कुठेतरी वाचली होती.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. संस्कृत मी चाळिशीनंतर, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. त्यामुळे एखादं वाक्य वाचायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि ते लक्षातही जास्त दिवस राहतं. घरी येऊन पुस्तकं काढली. हा लेख त्या शोधाचा आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांच्या सर्वसेनानं इथे आपली शाखा स्थापन केली. हा राजा कवी होता. सत्यभामेसाठी कृष्णानं स्वर्गातून पारिजात आणल्याच्या कथेवर त्यानं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचलं. ते आज नाही. नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी उदाहरणादाखल घेतलेल्या काही गाथा तेवढ्या उरल्या. पुढे इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, ते याच नगरात. हे नगर मदनाचं क्रीडास्थान आहे, असंही तो सांगतो. आजच्या वाशीमकराला हे वाचून हसू येईल, पण त्या काळी गावाची कीर्ती तशी होती.

ही कीर्ती राजशेखराच्याही आधीची. साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या कामसूत्रात वत्सगुल्मच्या लोकांचा ओझरता उल्लेख आहे, राजाच्या अंतःपुराच्या चालीरीतींसंदर्भात. आम्हाला हवा तो भाग मात्र पहिल्या अधिकरणात आहे. नागरक, म्हणजे शहरातला सुखवस्तू रसिक, आपला दिवस कसा घालवतो हे वात्स्यायन तिथे सांगतो. नागरकांच्या एकत्र येण्याचे पाच प्रसंग तो देतो. त्यात देवळातले उत्सव आहेत, उद्यानातल्या सहली आहेत, सामूहिक खेळ आहेत. उरलेले दोन म्हणजे गोष्ठी आणि आपानक. गोष्ठी म्हणजे समान वयाच्या, शीलाच्या, ऐपतीच्या लोकांनी एकत्र बसून बोलणं. आपली ‘गोष्ट’ याच शब्दातून आली. आपानक म्हणजे एकमेकांच्या घरी जमून केलेलं मद्यपान. तिथे मधु, मैरेय, सुरा आणि आसव असतात आणि त्यांच्यासोबत उपदंश. उपदंशात खारट पदार्थ, फळं, हिरव्या भाज्या आणि तिखट, कडू, आंबट असं सगळं येतं. उपदंशाला आजचा शब्द चखणा.

एक खुलासा इथे केला पाहिजे. वात्स्यायनाचा नागरक कोणत्याही मोठ्या नगरातला आहे. तो वत्सगुल्मचाच होता, असं कामसूत्र म्हणत नाही. कविराजाच्या राजधानीत असे नागरक असणार, एवढाच माझा तर्क.

आता त्या गूळ-मिऱ्याचं. मैरेयाची कृती कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, सुराध्यक्ष नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या प्रकरणात. मेषशृंगीच्या सालीचा काढा आंबवायचा, त्यात गूळ घालायचा आणि पिंपळी-मिऱ्यांचा मसाला. मसाल्याऐवजी त्रिफळाही चालतो. पुतण्याचा पेला आणि मैरेय यांच्यात ऊर्ध्वपातनाचा फरक, बाकी जोडी तीच. मेदक नावाच्या दुसऱ्या पेयाचं प्रमाणही तिथे दिलं आहे. सोळा मापं पाण्याला दोन मापं तांदूळ आणि तीन मापं किण्व, म्हणजे आंबवण्याचं विरजण. सरकार इतक्या बारकाईनं लिहीत होतं ते चवीसाठी नव्हे, महसुलासाठी. घरच्या कार्यप्रसंगी कुटुंबाला पांढरी सुरा काढायची सवलत होती, औषधासाठी अरिष्टाची होती, आणि उत्सव-यात्रांना चार दिवसांची मोकळीक. आज महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. परवान्याची कल्पना ब्रिटिशांच्या आबकारीपेक्षा बरीच जुनी आहे, एवढं यातून कळतं.

या मैफलींची चित्रंही शिल्लक आहेत. वत्सगुल्म शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. शेजारचं सतरावं लेणं हरिषेणाच्या मांडलिकाचं. तिथे राजवाड्यातली जोडपी मद्याचे पेले हातात घेऊन बसलेली दिसतात. पहिल्या लेण्याच्या छतावर तर उंच टोपीचा परदेशी पाहुणा पेला धरून बसला आहे आणि सेविका उभ्या आहेत. पिणारे बसलेले आणि वाढणाऱ्या उभ्या, ही रचना दीड हजार वर्षं टिकली आहे. निंबाखालीही तीच होती.

इथे मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं. या सगळ्याचा खर्च कोण देत होतं?

याचं उत्तर ताम्रपटांत आहे. वाशीमला सापडलेला, सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी १९३९ साली उजेडात आणला. तो वत्सगुल्महून, राजाच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला आहे. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मुख्य मजकूर प्राकृतात. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींची यादी असते. या गावानं दूध आणि फुलं द्यायची नाहीत, फिरतीवरच्या अधिकाऱ्यांना बसायला चामडी आणि जाळायला कोळसा पुरवायचा नाही. मीठ आणि ‘क्लिन्न’ यांवरचा राजाचा हक्कही इथे लागू नाही. क्लिन्न म्हणजे आंबवलेलं पेय, असा अर्थ वा. वि. मिराशींनी लावला आहे. यादी सवलतींची आहे, म्हणून ती उलटी वाचायची. ज्यांना दानाचं भाग्य लाभलं नाही, त्या गावांनी हे सगळं द्यायचंच होतं. नागरकाच्या चखण्यातलं मीठ अशा एखाद्या गावातून येत असणार.

हे झालं गावाचं. घराचं काय? स्वयंपाक कोण करत होतं?

यासाठी कामसूत्राचं चौथं अधिकरण उघडावं लागतं. ते सहसा कोणी उघडत नाही, कारण त्यात पत्नीची रोजची कामं आहेत. तिनं मुळा, पालक, काकडी, वांगं, कोहळा, दुधी, सुरण, कांदा, लसूण यांचं बी धरून ठेवायचं आणि योग्य वेळी पेरायचं. उरल्या दुधाचं तूप करायचं, कापसाचं सूत कातायचं, कोंडा-कणी आणि कोळसासुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. याच यादीत पुढे सुरा आणि आसव यांचे घडे येतात. ते नीट ठेवणं, वापरणं, त्यांची खरेदी-विक्री आणि हिशेब पाहणं हे तिचं काम.

मी हे दोनदा वाचलं. आपानकातले पेले पहिल्या अधिकरणात आणि ते ज्या घड्यांतून भरले ते चौथ्यात. चखण्यातल्या हिरव्या भाज्या पहिल्यात आणि त्यांचं बी चौथ्यात. एकाच ग्रंथात बोलणं आणि काम यांच्यामध्ये दोन आख्खी अधिकरणं आहेत. गोष्ठीत कोण काय बोललं हे आपण रसिकतेचा इतिहास म्हणून वाचतो. बी धरण्याला मात्र कुणी इतिहास म्हणत नाही.

मराठी गद्यानं सुरुवातीलाच हे अंतर थोडं कमी केलं होतं, याचा मला अभिमान वाटतो. तेराव्या शतकाच्या शेवटी अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यात चक्रधरांच्या आरोगणेचे, म्हणजे जेवणाचे, प्रसंग जागोजागी आहेत, आणि ती सिद्ध करणाऱ्या बाइसेचं नाव आहे, तिचं बोलणं आहे, तिचा रुसवासुद्धा आहे. वाशीमचा ताम्रपट वाचणाऱ्या य. खु. देशपांड्यांनीच महानुभावांच्या वाङ्मयावर आयुष्य वेचलं, हा योगायोग मला आवडतो.

आता पुन्हा शेतात. त्या संध्याकाळी भरत वाढलं गेलं आणि निंबाखालचं बोलणं थांबलं. असं वांगं मी बरेच दिवसांत खाल्लं नव्हतं. पातळ सालीचं, बी कमी, गर लोण्यासारखा. बाजारातलं नव्हे, हे उघड होतं. मित्राला विचारलं तर तो म्हणाला, ‘आईले विचार.’

काकू चुलीपाशी होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या म्हणाल्या, हे वांगं त्यांच्या सासूनं त्यांना दिलं. दरवर्षी एका झाडावरचं एक फळ तोडायचं नाही. पिवळं पडून सुकू द्यायचं, मग बी काढून राखेत घोळून ठेवायचं. ‘दोन्ही सुना नोकरीवर हायेत. पोरायले सोयाबीन सोडून काही सुचत नाई. मी गेल्यावर हे बी कोण धरन?’ मग माझ्याकडे बघून, ‘तू पुस्तकात लिवतो ना रे बाबू? मंग हे बी लिव.’

वीस वर्षं मी खाण्यापिण्याच्या इतिहासाची टिपणं काढतो आहे. माझी आईही असंच काहीतरी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. ते कशाचं बी होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती गेली त्याला बारा वर्षं झाली. ते मडकं आता माझ्या पेन-पेन्सिली ठेवायला आहे.

काकूंनी कागदाच्या पुडीत चिमूटभर बी दिलं. मृग लागल्यावर घरामागच्या वाफ्यात टाकलं. रोपं महिनाभरानं उचलायची असतात, हे मला त्यांना फोन करून विचारावं लागलं. पहिल्या पावसात निम्मी गेली. सात जगली. गणपतीनंतर पहिलं वांगं निघालं आणि भरत मी स्वतः केलं. मीठ जास्त पडलं होतं.

परवा दोन मित्र जेवायला आले होते. बोलणं नेहमीचंच, कुठे काय चांगलं मिळतं. त्यातला एक मागच्या अंगणात गेला आणि तिथूनच ओरडून म्हणाला, ‘अरे, या झाडावर एक मोठं वांगं पिवळं पडून चाललंय, तोडू का?’

मी ताटावरून उठलो आणि त्याला थांबवलं. ते बियाण्याचं आहे.