ऑक्टोबरवाले

दहावीला मार्चमध्ये ज्यांची दांडी उडायची, ते पूर्वी ऑक्टोबरच्या वारीला. आमच्या द्वारकेत (नाशिकची हो, कृष्णाची नव्हे!) त्यांना 'ऑक्टोबरवाले'च म्हणत. पास होईपर्यंत अकरावीचं पहिलं सत्र संपलेलं. एटीकेटी येण्याआधी तर एका विषयापायी अख्खं वर्ष घरी.

2015 साली राज्य मंडळाने फेरपरीक्षा जुलैत आणली, निकाल ऑगस्टमध्ये, आणि त्याच वर्षी अकरावी. उन्हाळाभर गणित घोटणाऱ्याचं वर्ष वाचलं, हे झकास झालं. पण प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या तोवर आटोपतात. मग टक्के मार्चवाल्यापेक्षा जास्त पडले तरी ह्याने उरलेल्या जागांतूनच कॉलेज शोधायचं. गुणांवरच प्रवेश ना? मग ह्याचे गुण कुठे गेले?